गोचीड चावत नाही

संपादकांना माझ्याकडून बिबट्या हवा होता. "मॅडम, तुम्ही सरकारी पशुवैद्यक, वन विभागाबरोबर इतकी वर्षं फिरलात, उसातल्या बिबट्यांना भूल दिलीत, तेच लिहा, वाचक उड्या मारतील," असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, लिहिते, पण बिबट्याच्या कानाच्या आत जे होतं त्याच्याविषयी लिहिते. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे काय होतं?" मी म्हटलं, गोचीड. त्यावर ते "बरं" म्हणाले. पण मुलगी बघून गेलेले पाहुणे "कळवतो" म्हणतात ना, तसलं ते "बरं" होतं. तरीही लिहितेय. छापलंच तर वाचकांनी उड्या कुठल्या बाजूला मारायच्या ते ज्याचं त्यानं ठरवावं.

माझी सगळी नोकरी नगर जिल्ह्यात झाली. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ अजून सवयीनं जुन्याच वळणानं जाते. गाईम्हशींची अडलेली बाळंतपणं, लसीकरण, शेळ्यांची पोटफुगी हे माझं पोटापाण्याचं काम. आणि पर्समध्ये एक बारीक टोकाचा चिमटा आणि स्पिरिट भरलेल्या काचेच्या कुप्या, हे माझं वेड. रानातलं कुठलंही जनावर हाती लागलं, जिवंत किंवा मेलेलं, की आधी त्याच्या अंगावरचे गोचीड काढून कुपीत टाकायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. लोक मला "गोचीडवाल्या बाई" म्हणायचे. एका लग्नात यजमानांनी पंगतीत माझी ओळख अशीच करून दिली, तर शेजारी बसलेल्या बाई पान उचलून पलीकडे सरकल्या. मी जिलेबी दोघींच्या वाटची खाल्ली.

आता गोचीड म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. हा किडा नव्हे; मोठ्या गोचिडाला पाय आठ असतात, म्हणजे तो कोळ्याचा आणि विंचवाचा भाऊबंद. त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, पळता येत नाही. मग तो करतो काय? गवताच्या पात्याच्या टोकाशी जाऊन पुढचे पाय हवेत धरून बसतो आणि वाट बघतो. आपल्या श्वासाचा, अंगाच्या उबेचा त्याला सुगावा लागतो. जवळून कुणी गेलं की पकडलंच. मग हळूहळू चालत मऊ, झाकलेली, घट्ट जागा शोधतो, तोंड कातड्यात रोवतो आणि भोवती स्वतःच्या तोंडातून खळ सोडून स्वतःला पक्का चिकटवून घेतो. गंमत पुढेच आहे. त्याच्या लाळेत दुखू न देणारं औषध असतं. रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढा टम्म फुगला तरी ज्याचं रक्त गेलं त्याला पत्ता नसतो. मी भूल देताना डोस वजनावर काढायचे, घड्याळ बघायचे, देवाचं नाव घ्यायचे. हा बिनशिकलेला प्राणी रोज भूल देतो आणि त्याची कधी चूक होत नाही. मला त्याचा मनापासून हेवा वाटत आलाय.

काही गोचिडांच्या पोटात याहून बारीक बिऱ्हाड असतं. रिकेट्सिया नावाचे जिवाणू. गोचिडाची मादी अंडी घालते तेव्हा हे तिच्याकडून अंड्यांतही जातात, म्हणजे पिल्लं जन्माला येतात ती वारसा घेऊनच. काळवीट, ससा, रानडुक्कर, मुंगूस यांच्या अंगाखांद्यावर असले गोचीड मजेत नांदतात आणि बहुतेक वेळा ते जनावर ठणठणीत असतं. माणसाला मात्र ताप येतो, डोकं फुटेस्तोवर दुखतं, अंगावर तांबडं पुरळ उठतं. नेमकं औषध लवकर मिळालं तर माणूस दोन-चार दिवसांत उठून बसतो. नाही मिळालं तर दगावतो. औषध जुनं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं आहे. अडतं ते ओळखण्यापाशी.

माझ्या या वेडाला पहिल्यापासून साथ दिली ती नानाभाऊंनी. नानाभाऊ वन विभागाचे मजूर. सडपातळ, मिशा पिकलेल्या, आणि खांद्यावर बारा महिने काळी घोंगडी. ही घोंगडी त्यांचं खरं हत्यार. रानातल्या कुठल्याही घाबरलेल्या जनावराचे डोळे झाकले की ते निम्मं शांत होतं, आणि नानाभाऊ घोंगडी अशी अलगद टाकायचे की जनावराला वाटावं संध्याकाळ झाली. बिबट्यापासून तरसापर्यंत सगळ्यांनी त्या घोंगडीखाली डोळे मिटलेत.

पिंजऱ्यात सापडलेल्या एका बिबट्याला मी भूल दिली होती तेव्हाची गोष्ट. वजन झालं, दात बघून झाले, आता गाडीत चढवायचा. मी मात्र त्याच्या कानाच्या दुमडीत चिमटा घालून बसले होते. केवढा खजिना! लहान, मोठे, फुगलेले, रिकामे. वनाधिकारी घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, बास करा आता." मी म्हटलं, एकच. मग आणखी एकच. बिबट्याचं शेपूट हललं. अधिकारी ओरडले, बाकीचे मागे सरले. नानाभाऊ जागचे न हलता घोंगडी सारखी करत मला म्हणाले, "मॅडम, त्यो जागा झाला तर म्या त्येला काय सांगू? डाक्टरीनबाई कान कोरत्यात म्हून?" मी चिमटा आवरला. त्या दिवशीची कुपी अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

शेवगावला असताना रस्त्यावर गाडीखाली सापडलेलं एक तरस माझ्याकडे शवविच्छेदनाला आलं. मी हातमोजे चढवेपर्यंत जरा वेळ गेला असेल. वळून बघते तर टेबलावर लगबग चाललेली. अंग गार पडायला लागलं तसे त्याच्या केसांतून गोचीड बाहेर पडून चालू लागले होते. कुठल्याही घरच्या माणसाआधी ज्यांना मरण कळतं ते हे. शिपाई खुर्चीवर चढला आणि तिथूनच "बाई, इकडं बी येतंय, तिकडं बी येतंय" करत मला दिशा सांगू लागला. मला त्या दिवशी एवढा आनंद झाला होता की घरी येऊन मी सासूबाईंना सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी मला आधी अंघोळ करायला लावली, मग जेवायला वाढलं.

गिऱ्हाइकं तर एकेक. शनिशिंगणापूरच्या बाजूचे एक गृहस्थ कुत्रं घेऊन आले. कुत्र्याच्या अंगाला रॉकेलचा वास. मी विचारलं, रॉकेल कशाला चोळलंत? म्हणाले, गोचीड मरावेत म्हणून. मी त्यांना समजावलं, रॉकेल, चुना, तपकीर, पेटती काडी, काही म्हणजे काही लावायचं नाही. डिवचलं की गोचीड पोटातला ऐवज जखमेत ओकतो. चिमट्यानं कातड्याला अगदी लागून धरायचा आणि सरळ वर ओढायचा. नखानं चिरडायचा तर अजिबात नाही. आणि घरात येऊ नयेत म्हणून उंबऱ्यापाशी साफसफाई ठेवायची. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं दारच न्हाई. त्येंनी कुटून यायचं न् कुटून न्हाई ते तुमीच त्येंला सांगा."

एवढं सगळं माहीत असूनही खरा धडा मला एका शब्दानं दिला. तो प्रसंग माझ्या निवृत्तीच्या थोडा आधीचा.

माळावरच्या एका बिनकठड्याच्या विहिरीत काळवीट पडलं होतं. कुत्री मागे लागली असणार. पाणी गुडघाभर, त्यामुळे बुडालं नव्हतं, पण भिंतीला धडका देत होतं. हरणाची जात भित्री. हाडं मोडण्याआधी धसक्यानंच जीव जातो. भोवती अख्खं गाव जमलेलं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. नानाभाऊ दोराला धरून आत उतरले, घोंगडी टाकली, आणि ते तडफडणारं काळं-पांढरं धूड एकदम निवलं. जाळ्यात घालून वर ओढलं. मी त्याचे ठोके बघितले, औषध दिलं, आणि अर्थातच कानामागून, मांडीच्या आतून चार गोचीड कुपीत घेतले. मग घोंगडी काढली. काळवीट क्षणभर आमच्याकडे बघत राहिलं आणि मग जे उधळलं! चार उड्यांत माळ पार. लोकांनी शिट्ट्या मारल्या, नानाभाऊंनी मिशांवरून हात फिरवला, घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि घरी गेले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी त्यांचा फोन आला. त्या दिवशी एका रानडुकरामागे जायचं ठरलं होतं. "मॅडम, आज मला यायला जमायचं न्हाई. सुरेखा लई आजारी हाय. दवाखान्यात हाय."

सुरेखा त्यांची सून. हसरी, चटपटीत, दोन वर्षांची मुलगी पदरात. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. मी विचारलं, काय होतंय?

"ताप हाय. उतरतच न्हाई. डोकं धरून रडती. आता अंगावर तांबडं फुटलंय."

"कुठं फुटलंय?"

"समदीकडं. हाताच्या तळव्यावर, पायाच्या तळव्यावर बी."

तळव्यावर! माझ्या हातातला चहा तसाच राहिला. अंगावर पुरळ अनेक तापांत येतं, पण तळहात-तळपायावर येतं तेव्हा माझ्यासारखीचे कान टवकारतात. रानडुक्कर गेलं उडत. मी गाडी काढली आणि थेट तालुक्याच्या रुग्णालयात पोचले.

तिथले डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि रात्रपाळी करून डोळे लाल झालेले. मी जनावरांची डॉक्टर, माणसांच्या वॉर्डात नाक खुपसणं बरं नव्हे, म्हणून आधी त्यांच्याशी बोलले. त्यांनी मला हटकलं नाही, उलट खुर्ची दिली.

"गोचीड तापाची शंका मलाही आली होती," ते म्हणाले. "मी पुन्हा पुन्हा विचारलं, काही चावलंय का. ती नाही म्हणते, सासू नाही म्हणते. प्लेटलेट उतरताहेत, डेंग्यूसारखंच सगळं दिसतंय. नगरला पाठवायची तयारी केलीय. गाडी सांगितलीय."

मी म्हटलं, गाडी येईपर्यंत मी जरा बोलू का तिच्याशी? ते म्हणाले, बोला, मीही येतो.

सुरेखा ओळखू येत नव्हती. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. उशाशी सासू हिराबाई ओल्या फडक्यानं कपाळ पुसत बसलेल्या. नानाभाऊ खिडकीपाशी उभे, आणि त्यांच्या कडेवर ती लहान पोर, जी आईकडे हात करून एकसारखी रडत होती. बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी मी कधी घाबरले नव्हते, इथे घाबरले.

"सुरेखा, काही चावलं होतं का गं?" मी विचारलं.

"न्हाई ओ मॅडम," ती पुटपुटली. "काय बी न्हाई चावलं."

ती खोटं बोलत नव्हती. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख पडलं. कुत्रं चावतं, विंचू चावतो, मुंगी चावते. आमच्याकडे गोचीड कधी चावतो का? आयुष्यभर गोठ्यागोठ्यांतून फिरले, हजारदा ऐकलं, "बाई, म्हशीला गोचीड चिकटल्यात." चावलेत असं एकानंही कधी म्हटलं नाही. दुखतच नाही तर चावलं कसं म्हणणार?

"बरं, काही चिकटलं होतं का अंगाला?"

उत्तर हिराबाईंनी दिलं, आणि तेही जरा रागानंच. "चिकटाया काय झालं? ढोरामागं ऱ्हातो आमी. गोचीड रोजचंच हाय. काडायचा आन् ठेचायचा."

पलंगाच्या पायथ्याशी डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "मावशी, मी इतक्यांदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी चावलं का म्हून इचारलं. चिकटलं का असं कुटं इचारलं?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. आम्ही दोघंही मराठी शाळेत शिकलेलो.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. रोज गोचीड चिकटतात आणि रोज काही ताप येत नाही. जिथे रोगी गोचीड चिकटतो तिथे बऱ्याचदा एक खूण राहते, मसुराच्या दाण्याएवढी काळी खपली. ती मिळाली तर डेंग्यूचा विचार बाजूला ठेवता येतो. नाही मिळाली म्हणून रोग नाही असं नसतं, पण मिळाली तर बिनतोड. आम्ही शोधायला लागलो. केसांत बघितलं, कानामागे, मानेवर, काखेत, गुडघ्यामागे. काही नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पोर आणखी जोरात रडायला लागली.

"सुरेखा, कुठं टोचतंय, आग होतेय, काही?"

"तसलं काय न्हाई. नाडी काचतीया तेवडी."

"तिला मी कवाची सांगती ढिली बांध," हिराबाई म्हणाल्या. "तर न्हाई. करकचून बांधायची सवय तिला."

पुरुष वाचकांसाठी सांगते. साडीखाली परकर असतो आणि परकराला नाडी असते. ती रोज त्याच जागी घट्ट बांधून बांधून बायकांच्या कमरेला काळा वळ पडतो, तो खाजतो, कधी सोलवटतो. त्याला काच म्हणतात. आजीला होता, आईला होता, मला आहे. तो काही आजार नव्हे, त्याविषयी कुणी डॉक्टरकडे जात नाही, आणि पुरुष डॉक्टरला तर मेलं तरी दाखवत नाही. आणि गोचिडाला काय हवं असतं? मऊ, झाकलेली, घट्ट जागा.

मी सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं. सिस्टरनं पडदा ओढला. हिराबाईंनी आपला पदर आडवा धरला, पडद्यावर विश्वास नव्हता म्हणून. सुरेखानं नाडीची गाठ सोडली. परकर जरा खाली सरकवला. काळा वळ होताच. आणि डाव्या बाजूला, कमरेच्या हाडावर, त्या वळातच मिसळून गेलेली, काळी, गोल, भोवती लाल कडं असलेली खपली.

"सापडली!" मी ओरडलेच. अख्खा वॉर्ड उठून बसला. मला हसू आवरेना, मी टाळी वाजवली असेन. हिराबाई खवळल्या. "सून तापानं फनफनलीया आन् तुमी हसताय व्हय?" मी त्यांच्या गळ्यातच पडले. म्हटलं, काकू, तुमची सून वाचली!

सुरेखाच्या परवानगीनं डॉक्टर आत आले, खपली बघितली, आणि वळून एवढंच म्हणाले, "सिस्टर, डॉक्सिसायक्लिन. आत्ता. आणि गाडीला थांबायला सांगा." पुढे ते सगळ्यांना ही गोष्ट सांगताना म्हणायचे, मी हाताची नाडी बघत बसलो आणि मॅडमनी परकराची बघितली.

दुसऱ्या दिवशी ताप हलला. त्यानंतरच्या सकाळी मी गेले तर सुरेखा उशीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर, आणि चहात साखर कमी आहे म्हणून सासूशी तक्रार चाललेली. इतकी गोड तक्रार मी दुसरी ऐकली नाही.

मग मी विचारत बसले, कसा आला हा गोचीड कमरेवर? गोठ्यातल्या जनावरांना मी गेल्या महिन्यातच गोचिडांचं औषध लावलं होतं, ती स्वच्छ होती. सुरेखा आठवून आठवून सांगू लागली. मामंजींनी विहिरीवरून घोंगडी आणली तिला हरणाचा वास येत होता. म्हणून तिनं ती गोळा करून कमरेवर घेतली, हौदापर्यंत नेली आणि धोपटून धुतली.

नानाभाऊ ऐकत होते. ते उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले तर पायरीवर बसलेले, खांदा रिकामा. "मॅडम, ती घोंगडी म्या जाळतो. आन् ह्ये काम बी बास. जनावरं वाचवाया गेलो आन् घरातली लक्ष्मी घालवत हुतो." मी त्यांना सांगितलं की घोंगडीवरूनच आला हे मीसुद्धा शपथेवर सांगू शकत नाही, माळावर गवत आहे, गावात कुत्री आहेत. ते मान हलवत राहिले. त्यांनी घोंगडी खरंच जाळली. कामावरही येईनासे झाले.

थोड्या दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. त्या काळविटाच्या कानामागच्या गोचिडांत रिकेट्सिया सापडला होता. माझ्या कुप्यांमधून पहिल्यांदाच! मी खुर्चीतून उठून उभी राहिले, शिपायाला पेढे आणायला पाठवलं. पेढा तोंडात घातल्यावर मला नानाभाऊंचा रिकामा खांदा आठवला आणि तो पेढा काही केल्या गोड लागेना. त्यांना हे सांगावं की नाही, यावर मी बरंच घुटमळले. शेवटी त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं. कारण सुरेखाला कळायला हवं होतं की तिला काय झालं होतं.

नानाभाऊंनी मान खाली घातली. सुरेखा चुलीपाशी भाकरी थापत होती. ती न वळताच म्हणाली, "घोंगडी काळी हुती म्हून त्यो दिसला न्हाई. पांढरी असती तर दिसला असता." त्या दिवशी भाकरीवर मी चांगला ताव मारलेला आठवतो.

त्यानंतर पावसाळा गेला आणि पुन्हा एका विहिरीवरून फोन आला. पुन्हा काळवीट, आणि या वेळी विहीर खोल. मी पोचले तेव्हा वन विभागाची पोरं दोर सोडत होती, पण खाली उतरून जनावराला हात घालेल असं कुणी नव्हतं. खाली ते धडपडत होतं, शिंग भिंतीवर आपटत होतं. थोडाच वेळ आणखी, मग धसक्यानं संपणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात मोटारसायकल थांबली आणि मागच्या सीटवरून नानाभाऊ उतरले. काखेत कापडाची घडी.

"सुनंनं शिवून दिलंय," एवढंच मला म्हणाले आणि दोर धरून खाली गेले.

त्यांनी घडी उलगडली. जुन्या धोतरांची, दुहेरी शिवलेली, पांढरीशुभ्र चादर. खाली अंधारात ती पसरली आणि काळवीट तिच्याखाली पार दिसेनासं झालं. त्याची धडपड थांबली.

पांढरं कापड पांघरलेलं बघून वर विहिरीच्या काठावरच्या लोकांना काय वाटायचं तेच वाटलं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. बायकांनी तोंडाला पदर लावले. "गेलं बिचारं," कुणीतरी म्हणालं. ज्यांनी मोबाईल धरले होते त्यांनी ते खाली घेतले.

जाळं वर आलं. पांढरी चादर, खाली चार पाय. मी गुडघ्यांवर बसले, छातीला हात लावला. धडधड! काय धडधड ती! मी औषध दिलं, नानाभाऊंना खूण केली. त्यांनी चादरीची दोन टोकं धरली आणि एका झटक्यात ओढली.

काळवीट उभं राहिलं आणि उडालं. त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून गेलं म्हणायचं. बायका किंचाळल्या, मग हसत सुटल्या, म्हातारा टोपी उलटी घालून "जित्तं हाय! जित्तं हाय!" म्हणून नाचायला लागला. माळावर धुरळा आणि त्यात ती उड्यांवर उड्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मी ते पुसलं नाही.

नानाभाऊंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चादर उन्हात पसरली होती आणि तिच्यावर ओणवे होऊन इंच इंच बघत होते. "मॅडम! या बिगी बिगी! चिमटा आना!" पांढऱ्या धोतरावर तपकिरी रंगाचा एक गोचीड सावकाश चालला होता, अगदी ठळक, आंधळ्यालाही दिसावा असा. मग दुसरा. मी कुपी उघडली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुरेखा होती. काळवीट जगलं का, हे तिनं विचारलंही नाही. "मामंजी, कापड घरी आनायचं न्हाई. तिथंच उकळत्या पान्यात बुडवायचं. आन् मॅडमला फोन द्या."

मी फोन घेतला. म्हटलं, बोल गं, हरीण सुखरूप आहे.

"हरनाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी तिथं गुडघ्यावर बसला असनार. काय चिकटलं न्हाई ना? जावा, आधी कंबर बघा."

मी जीपच्या आडोशाला गेले आणि नाडी सैल केली.